सेमी ट्रकवर सीबीची अँटेना: कोणती घ्यायची, कुठे लावायची आणि ट्यून कशी करायची

पहिला सीबी (ट्रकवाले रस्त्यावर आपसात बोलतात तो रेडिओ) घेतला तेव्हा रेडिओवर मी दीडशे डॉलर घातले आणि अँटेना घेतली ट्रक स्टॉपच्या रॅकवरची सगळ्यात स्वस्त, कारण मला वाटलं आवाज काय तो रेडिओतून जातो, काठी ती काठीच. पाना काढला, आरशाच्या ब्रॅकेटला काठी आवळली, केबल दारातून आत ओढली आणि चॅनल 19 वर ‘रेडिओ चेक, रेडिओ चेक’ करत बसलो. कुणी उत्तर देईना. दोन जागा सोडून उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला तेवढं ऐकू आलं, तर तो म्हणाला बादलीत तोंड घालून बोलतोयस काय. तसाच दोन दिवस चालवला आणि तिसऱ्या दिवशी रेडिओ मुका झाला, म्हणजे ऐकू सगळं येतंय पण आपलं जात काही नाही. आतला आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळाला होता. आणि कारण काय, तर प्लास्टिकचं एक वायसर. त्याचं पुढे सांगतोच.

इकडे अमेरिकेत सीडीएल, म्हणजे कमर्शिअल ड्रायव्हिंग लायसन्स, काढून नवीन ट्रकवर बसलेली आपली पोरं (पंजाबी बंधूंसमोर आपण मूठभरच, पण आहोत) मला विचारतात, की दादा, मोबाइल असताना सीबी कशाला? वायोमिंगमध्ये आय-80 वर लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात जानेवारीत एकदा जाऊन या मग विचारा. वारा, उडणारा बर्फ, समोरचं काही दिसत नाही, फोनला रेंज येते-जाते, आणि तेवढ्यात समोरून येणारा कुणीतरी सीबीवर सांगतो की दोन मैलांवर एक आडवा पडलाय, डावी लेन पकड. शिवाय हातात फोन धरून बोलायला कमर्शिअल ड्रायव्हरला 2012 पासून केंद्राच्या नियमाने बंदी आहे, त्या नियमात सीबी येत नाही. लायसन्स लागत नाही, महिन्याचं बिल नाही. असो, ज्याला नको त्याने घेऊ नये, हे पुढचं ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी.

आधी एवढं डोक्यात बसवा

सीबीचे 40 चॅनल आहेत, 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झ. ट्रकवाल्यांचा 19, म्हणजे 27.185, आणि 9 नंबर इमर्जन्सीचा, तिथे गप्पा मारायच्या नाहीत. एएमवर कायद्याने ताकद मिळते 4 वॅट. चाळीस डॉलरचा रेडिओ असो नाहीतर तीनशेचा, कायदेशीर असेल तर 4 वॅटच. मग एकाचं पाच-सात मैलांवर ऐकू जातं आणि दुसऱ्याचं पार्किंगच्या बाहेर जात नाही, हा फरक येतो कुठून? अँटेना, तिचं अर्थिंग आणि केबल, बास. म्हणून बजेट ठरवताना आधी अँटेना-माउंट-केबलचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात रेडिओ घ्या. लोक नेमकं उलटं करतात, मीही केलं.

या फ्रिक्वेन्सीची लहर साधारण 11 मीटर लांब असते आणि चांगल्या अँटेनाला तिचा पाव हिस्सा लागतो, म्हणजे 9 फूट. आता तुमच्या आरशाचं ब्रॅकेट जमिनीपासून 8 फुटांवर आहे धरा, त्यावर 9 फुटी काठी, झाले 17 फूट, आणि पूर्वेकडच्या राज्यांत ट्रकच्या उंचीची मर्यादा 13 फूट 6 इंच. पहिल्याच पुलाखाली काम खलास. म्हणून मग 9 फुटाचं काम 3-4 फुटांत करण्यासाठी तार गुंडाळून कॉइल करतात. कॉइल जितकी जास्त तितकी अँटेना आखूड, आणि जितकी आखूड तितकी तिची ताकद कमी आणि ट्यूनिंगला नखरे जास्त, इथे फुकट काही मिळत नाही.

कोणती घ्यायची

खरेदीला जायच्या आधी टेप घेऊन माउंटच्या जागेची जमिनीपासूनची उंची मोजा. अंदाज नको, मोजा. 13 फूट 6 इंचांतून ती वजा करा, वर सहा इंच सुरक्षेला सोडा, जे उरलं ती तुमची कमाल लांबी. आरशावर लावणार असाल तर बहुतेक सेमींना (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकांना) 4 फुटी बसते, काहींना 5 फुटी. उंच स्लीपर (मागे झोपायची जागा असलेली केबिन) असेल तर 2-3 फुटी घेऊ नका, ती सगळी केबिनच्या आडोशाला लपते आणि मागच्याला तुम्ही ऐकूच येत नाही. अँटेनाचा वरचा भाग छताच्या वर डोकावला पाहिजे, निदान कॉइल तरी पत्र्यापासून मोकळी हवेत हवी.

प्रकार ढोबळमानाने दोन. एक फायबरग्लासची, दांड्यावर तार गुंडाळलेली, फायरस्टिक कंपनीच्या अँटेनासारखी. ही टॉप-लोडेड असते म्हणजे तारेचे वेढे वरच्या टोकाकडे दाट, त्यामुळे ट्रकवर चांगली चालते, हलकी असते, झाडाची फांदी लागली तर वाकून परत येते. टोकाला ट्यूनिंगचा स्क्रू असलेलीच घ्या, पाचेक डॉलर जास्त जातील पण कापाकापी वाचते. दुसरी म्हणजे सेंटर-लोडेड, खाली धातूचा दांडा, मधे डबा म्हणजे कॉइल आणि वर स्टीलची बारीक काडी, विल्सनची ट्रकर 2000 यातली सगळ्यात ओळखीची. ही जास्त पॉवर सोसते आणि खालच्या दांड्यामुळे कॉइल वर उचलली जाते. दांडा 5 इंची आणि 10 इंची मिळतो, आरशाच्या मागे केबिनचा पत्रा जवळ असेल तर 10 इंचीच घ्या. पण ही जड आहे, आरशाचं ब्रॅकेट लेचंपेचं असेल तर खड्ड्यांत हलून हलून नट सैल होतात.

छतावर चिकटणारी मॅग्नेटवाली सेमीसाठी विसरा. आजकालच्या बहुतेक केबिनची छतं फायबरची नाहीतर ॲल्युमिनियमची, मॅग्नेट धरणार कशाला.

एक की दोन? हा वाद ट्रक स्टॉपवर चहाच्या टपरीवरच्या राजकारणासारखा चालतो. माझं मत सरळ आहे: पहिली एकच लावा, ड्रायव्हरच्या बाजूला, कारण उजवीकडे रस्त्याकडेच्या फांद्या जास्त लागतात. एक नीट लावलेली अँटेना दोन अर्धवट लावलेल्यांना ऐकत नाही. दोन लावायच्या तर त्यांच्यात साधारण 8-9 फूट अंतर लागतं, आणि ट्रकची रुंदी 8 फूट 6 इंच, वर आरसे बाहेर आलेले, म्हणजे सेमीवर ते अंतर मिळतं, पिकअपवर मिळत नाही. दोनमुळे रस्त्याच्या दिशेने पुढे-मागे थोडा जोर वाढतो आणि ट्रेलरच्या आडोशाचा त्रास कमी होतो. पण जादू नाही. आणि दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या पाहिजेत, डावीकडे जुनी उजवीकडे नवी असलं चालत नाही.

अर्थिंग, म्हणजे खरी भानगड

अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना. दुसरी अर्धी म्हणजे तिच्या खालचा धातू. जुन्या ट्रकांना सगळीकडे लोखंड होतं म्हणून कुठेही आवळा, चालायचं. आताच्या ट्रकचं बॉनेट फायबरचं, फेअरिंग (वारा कापायला लावलेलं बाहेरचं आवरण) फायबरचं, आरशाचं कव्हर प्लास्टिकचं, आणि आरसा दारावर बसवलेला असेल तर दार केबिनला जोडलंय कशाने, तर बिजागऱ्यांनी, ज्यांना रंग लागलाय आणि ग्रीस भरलंय. म्हणजे तुमचं ब्रॅकेट धातूचं असलं तरी विजेच्या हिशोबाने ते अधांतरीच लटकतंय.

करायचं असं. मल्टिमीटर घ्या, वीस डॉलरचा पुरतो. सगळ्यात कमी ओहमच्या रेंजवर लावून एक टोक ब्रॅकेटच्या उघड्या धातूला आणि दुसरं चॅसीच्या नाहीतर केबिनच्या स्वच्छ बोल्टला टेकवा (वायर पुरत नसेल तर लांब तुकडा जोडा). एक ओहमच्या आत आलं तर उत्तम. जास्त आलं, किंवा दार उघड-बंद करताना आकडा नाचायला लागला, तर अर्थिंग नाही असं समजा. मग तांब्याची चपटी विणलेली पट्टी, ग्राउंड स्ट्रॅप म्हणतात तिला, ती घेऊन एक ब्रॅकेटपासून दाराच्या धातूला आणि एक दारापासून केबिनच्या धातूला मारा, जमेल तितकी आखूड. जिथे बोल्ट बसणार तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे, आणि काम झाल्यावर वरून ग्रीस नाहीतर रंगाचा हात, नाहीतर रस्त्यावरच्या मिठाने एका हिवाळ्यात तिथे हिरवं-पांढरं साचतं. गोल बारीक वायर वापरू नका, बॅटरीचा करंट त्यातून जाईल पण रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला चपटी पट्टीच बरी.

बॉनेट-फेअरिंगशिवाय जागाच नसेल, खाली कुठे धातूच नसेल, तर नो-ग्राउंड-प्लेन नावाचा संच मिळतो, त्यात अँटेना आणि केबल जोडीनेच येतात. ती केबल दुसऱ्या अँटेनाला आणि ती अँटेना दुसऱ्या केबलला लावायची नाही, आणि केबल कापायची तर अजिबात नाही. सेमीवर मी हा शेवटचा उपाय धरतो, कारण बहुतेक वेळा स्ट्रॅपने काम भागतं.

माउंट आणि ते वायसर

आरशाच्या पाइपला बसणारं तीन बाजूंचं ब्रॅकेट सगळ्यात सोपं, दोन पट्ट्यांत पाइप धरायचा आणि बोल्ट आवळायचे. नवीन निमुळत्या आरशांना पाइप बाहेर दिसतच नाही, तिथे त्या त्या मॉडेलचं ब्रॅकेट मागवावं लागतं, आणि पुष्कळ ट्रकांत कंपनीनेच आरशाच्या हाताला माउंट आणि आत केबल दिलेली असते, छताजवळच्या कप्प्यात सीबीचा सॉकेट आणि करंटचे दोन स्टडही असतात. आधी ते शोधा, फुकटचं काम वाचेल. ट्रक कंपनीचा असेल तर ड्रिल मारण्याआधी विचारा, क्लॅम्पला सहसा कुणी काही म्हणत नाही.

आता वायसर. ब्रॅकेटला भोक असतं, त्यातून स्टड, म्हणजे अँटेना ज्यावर बसते तो बोल्ट, खालून वर येतो. स्टडचा खालचा जाड भाग ब्रॅकेटला टेकतो, तो अर्थ. मधला दांडा भोकातून वर जातो, तो गरम, म्हणजे सिग्नलचा, आणि त्याने ब्रॅकेटला कुठेही शिवायचं नाही. ते शिवू नये म्हणून पांढरं किंवा काळं नायलॉनचं वायसर येतं, त्याला एका बाजूला छोटी गळपट्टी असते. ती गळपट्टी भोकात बसली पाहिजे. मी ते उलटं घातलं होतं, गळपट्टी वर आकाशाकडे. आवळताना दांडा थोडा कलला, भोकाच्या कडेला टेकला, झाला शॉर्ट, आणि मी माइक दाबला की सगळी पॉवर अँटेनात न जाता परत रेडिओत. बाहेरून बघून काहीच कळत नाही, काठी ताठ उभी, सगळं झकास दिसतंय. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने ते वायसर काढून माझ्या हातावर ठेवलं आणि बिल दुसऱ्या हातात दिलं.

(रिंग टर्मिनलवाल्या स्टडमध्ये वायसरांचा क्रम वेगळा असतो, पाकिटावरचं चित्र फेकून देऊ नका.)

आवळून झालं की अँटेना न लावता परत मल्टिमीटर, या वेळी बीपच्या खुणेवर. केबलच्या रेडिओकडच्या टोकाची मधली पिन ते वरचा स्टड: बीप वाजली पाहिजे. मधली पिन ते बाहेरची कडी: वाजता कामा नये. बाहेरची कडी ते ब्रॅकेट: वाजली पाहिजे. या तीन बीपांना दोन मिनिटं लागतात, माझे साठ डॉलर वाचले असते. अँटेना काढूनच तपासा, कारण काही अँटेनांची कॉइल आतूनच अर्थला जोडलेली असते आणि मग मीटर उगाच घाबरवतो. जड अँटेना असेल तर खाली स्प्रिंग घाला, पण स्प्रिंगने उंचीही वाढते आणि लांबीही, म्हणजे परत टेप आणि परत ट्यूनिंग.

केबल

एका अँटेनाला 50 ओहमची केबल, आरजी-58 चालेल, आरजी-8एक्स मिळाली तर जास्त बरी. दोन अँटेनांना आरजी-59 ची जोडकेबल येते, ती 75 ओहमची, आणि इथे बरेच जण गोंधळतात की रेडिओ 50 चा मग केबल 75 ची का. त्याचं गणित गमतीशीर आहे. केबलमध्ये लहर हळू चालते, हवेतल्या साधारण दोन तृतीयांश वेगाने, म्हणून केबलमधला पाव हिस्सा 9 फूट न राहता 6 फूट होतो. त्याच्या तिप्पट 18 फूट. पाव हिश्शाच्या विषम पटीत कापलेली 75 ची केबल 50 ओहमच्या अँटेनाला 112 करून दाखवते, आणि असे दोन 112 रेडिओच्या मागे समांतर जोडले की 56, म्हणजे 50 च्या जवळ. जोडकेबलच्या दोन्ही बाजू 18 फुटी असतात त्या म्हणूनच. त्यातली एक कापून ‘नीट’ बसवली की गणित बिघडलं. आणि एक अँटेना मोडली तर दुसरीवर काम भागवू म्हणाल तर जमत नाही, एकीसाठी एकेरी केबल टाकावी लागते.

उरलेली केबल घट्ट गोल वेटोळं करून सीटखाली कोंबू नका. फूटभर लांबीचे सैल पट्टे घालून मधे टेप मारा, लोकरीच्या लडीसारखे. दारातून आणताना बिजागरीच्या बाजूने आणा, कुलपाच्या बाजूने दार रोज तिला चावतं, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या म्हणजे पाऊस तिथून टपकतो, आत येत नाही. बाहेरच्या पीएल-259 कनेक्टरला आपोआप एकजीव होणारी रबराची टेप गुंडाळा, साधी इन्सुलेशन टेप उन्हाने सुटते. केबलमध्ये एकदा पाणी शिरलं की ती वाळत नाही, बदलावीच लागते.

ट्यूनिंग: एसडब्ल्यूआर

हे न करता माइकला हात लावायचा नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे किती पॉवर परत येतेय त्याचं माप. 1.5 असेल तर 4 टक्के परत येते, 2 असेल तर 11 टक्के, 3 असेल तर 25 टक्के. 1.5 च्या आत झकास, 2 पर्यंत चालतं, 3 च्या वर बोलायचंच नाही, रेडिओ जळतो, माझा जळाला तसा.

ट्रक मोकळ्यावर न्या. शेडमध्ये नको, फ्युएल आयलंडच्या छताखाली नको, दुसऱ्या ट्रकला खेटून नको. आणि वर विजेच्या तारा नाहीत ना ते आधी बघा, अँटेना उभी करताना तारेला लागली तर ट्यूनिंग करायला तुम्ही उरणार नाही. ट्रेलर लावलेलाच असू द्या, कारण रोज तसाच चालवता, बॉबटेल, म्हणजे ट्रेलरशिवाय, ट्यून केलं तर आकडे थोडे हलतात. दारं बंद, बॉनेट बंद, अँटेनाजवळ कुणी उभं नको.

आता एसडब्ल्यूआरचा मीटर घ्या (मल्टिमीटर नव्हे, हा वेगळा असतो). रेडिओच्या मागची अँटेनाची केबल काढून या मीटरच्या अँटेनावाल्या बाजूला लावा, आणि मीटरच्या दुसऱ्या बाजूपासून रेडिओपर्यंत छोटी जंपर. चॅनल 1 लावा, आधी ऐका, कुणी बोलत असेल तर थांबा. मीटर फॉरवर्डवर, माइक दाबा, बोलू नका, नॉबने काटा सेटच्या खुणेवर आणा, मग स्विच रिफ्लेक्टेडवर करा आणि वाचा. पाच-दहा सेकंदांत माइक सोडा. लिहून ठेवा. तेच 19 वर, तेच 40 वर, प्रत्येक वेळी काटा नव्याने सेट करून.

आता वाचायचं असं: 1 वर जास्त आणि 40 वर कमी आलं तर अँटेना खुजी, वाढवा. 40 वर जास्त आणि 1 वर कमी तर लांबुडकी, कमी करा. दोन्हीकडे साधारण सारखं आणि 19 वर सगळ्यात कमी, म्हणजे जमलं. स्क्रूवाली असेल तर एक-दोन वेढेच फिरवा, परत मोजा. स्टीलची काडी असेल तर आधी सेट-स्क्रू सैल करून काडी खाली सरकवून बघा, आणि कापायचीच वेळ आली तर एका वेळी 3 मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, कापलेलं परत चिकटत नाही. टोक कानशीने गोल करा. दोन अँटेना असतील तर दोन्हींना सारखंच फिरवा.

तिन्ही चॅनलवर 3 च्या वर आलं तर लांबीशी खेळत बसू नका, तो लांबीचा आजार नाही. शॉर्ट, तुटलेली केबल नाहीतर अर्थिंग, यातलंच एक. परत त्या तीन बीपांकडे जा. आणि तिन्हीवर 2 ते 3 च्या मधे घुटमळत असेल, लांबी बदलूनही हलत नसेल, तर माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा दाराचं अर्थिंग निघतं.

मीटरवर सगळं नीट आलं तरी एकदा खरी परीक्षा घ्या. इंजिन बंद ठेवून ऐका, मग चालू करून ऐका. इंजिनबरोबर वाढणारी शिट्टी आली तर रेडिओचा करंट थेट बॅटरीवरून किंवा कंपनीच्या स्टडवरून घ्या, सिगरेट लायटरवरून नको. मग 19 वर रेडिओ चेक मागा आणि उत्तर देणाऱ्याला तो कितव्या मैलाच्या दगडावर आहे ते विचारा, स्वतःचा नंबर वजा करा, कळलं अंतर. ‘लाउड अँड क्लिअर’ तर शेजारचाही म्हणतो.

पुढे फार काही नाही. महिन्यातून एकदा तळाचा नट हाताने हलवून बघायचा, तीन महिन्यांनी आणि नवीन ट्रेलर-प्रकार घेतला की एसडब्ल्यूआर परत मोजायचा, ट्रक वॉशमध्ये शिरण्याआधी अँटेना काढायची (त्यासाठी क्विक-डिस्कनेक्ट मिळतो, पण तोही लांबी वाढवतो, म्हणून ट्यूनिंगच्या आधीच लावा). आणि डॅशच्या कप्प्यात एका छोट्या पिशवीत दोन जास्तीची नायलॉनची वायसरं ठेवा. माझ्या पिशवीत तीन आहेत, तिसरं ते जुनं, कडेला खच पडलेलं.